आक्काची खडी

जालन्याहून राजूर, भोकरदन, अन्वा करत अजिंठ्याच्या डोंगराला भिडणारा जो रस्ता आहे, त्याला आमच्याकडं नुसतं 'सडक' म्हणतात. सरकारी पाटीवर त्याला नंबर असतो, पण नंबर कुणाच्या तोंडात बसला नाही. 'सडकंकडचं वावर', 'सडकंला कोण उभं हाय बघ', असंच बोलणं. ह्या सडकेचं वय विचारलं तर कुणी रझाकारीच्या आधीचं सांगतं, कुणी इंग्रजाच्या. खरं वय त्याच्या कितीतरी मागं जातं. सातवाहनांची राजधानी पैठण. तिथून निघालेला माल भोकरदनच्या अंगानं अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशात आणि पुढं उज्जैनीला जायचा. दोन हजार वर्षं झाली त्या वाटेला.

आमची जन्मं ह्याच सडकेवर गेली. बैलगाडीनं गेलो, एसटीच्या टपावर बसून गेलो, पुढं फटफटीवर गेलो. पण बघायला म्हणून कधी गेलो नाही. आमच्यात ती रीतच नाही. लग्न, मयत, बाजार, दवाखाना आणि तारीख, ह्या पाच कामांशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. वाटेत काय आहे ते दिसतं, पण त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.

२०२५ च्या दिवाळीनंतर आम्ही थांबत थांबत गेलो. आक्का भाऊबीजेला आली होती. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं सासर अन्व्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. तिला सोडायला भाचा जालन्याहून गाडी घेऊन आला. तो तिथं लोखंडाच्या मिलमध्ये नोकरीला आहे, त्रेपन्न वर्षांचा आहे, आणि घाईत असतो. आल्या आल्या त्यानं समृद्धी महामार्गाचं कौतुक सुरू केलं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. जालन्याच्या जवळूनच जातो तो.

"मामा, सकाळी जालन्यातून निघलं की दुपारी मुंबईत. खड्डा नाही, गाव नाही, बैल आडवा नाही."

त्याचं खोटं नाही. आमच्या भागातली मोसंबी लवकर मुंबईला पोचत असेल तर ते चांगलंच आहे. पण त्या रस्त्यावर बैलगाडी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, फटफटी चालत नाही, आणि मधेच उतरून कुणाच्या वावरात हरभरा खाता येत नाही. गाव नाही हा त्याला गुण वाटतो. मला सडकेचा गुण हाच वाटतो की तिच्यावर गावं आहेत. मी त्याला म्हणलं, "आज तुझी घाई खुटीला टांगून ठेव. सांजच्याला पोचू."

आक्का मागच्या सीटवर बसली. तिच्या मांडीवर करंज्यांचा डबा. गाव सोडायच्या आधीच ती म्हणाली, "बापू, मला ती लिंबाची जागा दाखीव."

लिंबाची जागा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. १९७२ साल. पहिल्या बाळंतपणाला आक्का माहेरी आली होती. त्या साली पाऊस पडलाच नाही. त्याच्या आधीचं सालही कोरडंच होतं. विहिरींनी तळ दाखवला, लोकांनी जनावरं येईल त्या भावात काढली. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाल्ली की घशात अडकायची. सरकारनं दुष्काळी कामं काढली. नालाबांध, पाझर तलाव आणि सडका. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, असा सरकारी हिशोब आहे. पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला तो ह्याच अनुभवातून, आणि २००५ साली दिल्लीनं सगळ्या देशासाठी कायदा केला. मोठ्या माणसांची भाषणं ऐकताना हे सगळं ऐकायला मिळतं. आमच्या घरातल्या त्या पन्नास लाखांपैकी दोन म्हणजे माझी आई आणि आक्का.

आमच्या गावाच्या शिवारात सडकेला खडी फोडायचं काम होतं. खाणीतून काळा दगड यायचा. बाया ओळीनं बसायच्या, प्रत्येकीपुढं ढीग. डाव्या हाताच्या बोटांना फडकी गुंडाळायची आणि उजव्या हातात हातोडी. दगड फोडून मुठीएवढा, मग लिंबाएवढा करायचा. ढिगाचं माप घेऊन मुकादम मस्टरवर लिहायचा. कपची उडून डोळ्यात जायची भीती. आक्काच्या डाव्या भुवईत अजून खोक आहे. भाचा चार महिन्यांचा होता. सडकेच्या कडेला एक जुनं लिंबाचं झाड होतं, त्याला लुगड्याची झोळी बांधून त्याला टाकायचं. मी अकरा वर्षांचा. माझं काम झोळीला झोका द्यायचं आणि बायांना घागरीतून पाणी पाजायचं. दुपारी सुकडी वाटायचे. आक्का तिच्यातली अर्धी मला द्यायची आणि म्हणायची, मला भूक नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला भूक नाही! तेव्हा मी खाऊन घेतली. अकरा वर्षांच्या पोराला काय कळतं.

आम्ही त्या जागेवर गाडी उभी केली. लिंब नाही. सडक रुंद झाली तेव्हा कडेची झाडं गेली. आता सिमेंटची पांढरी सडक आहे, मधे पट्टे, कडेला नाली. आक्का उतरली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. चष्म्यातून तिला लांबचं धड दिसत नाही, पण शेजारच्या वावरातली विहीर तिनं ओळखली. त्या विहिरीपासून पावलं मोजत ती आली आणि नालीच्या कडेला उभी राहिली.

"हितं व्हतं."

भाचा गाडीला टेकून फोन बघत होता. ती त्याला म्हणाली, "ये हिकडं. तू हितं टांगलेला व्हता." तो हसला, पण आला. दोघं जागेवर उभे राहिले. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

मग तिनं मला विचारलं, "मही खडी खाली आसंल का रं? का उकरून टाकली?"

मी सांगितलं की काही ठिकाणी जुनी सडक उकरतात, काही ठिकाणी तिच्यावरच भर घालतात. इथं सडक आधीच्यापेक्षा वर उचललेली दिसत होती, म्हणजे खाली असायला पाहिजे. सिमेंटच्या खाली मुरूम, त्याच्या खाली डांबर, त्याच्या खाली तुझी खडी. "आन तिच्या खाली?" "तिच्या खाली गाडीवाट." तिला बरं वाटलं. बसता बसता म्हणाली, "म्हंजी ह्यो सगळा बोजा मह्या खडीवरच हाय."

पूर्णा ओलांडली. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीच्या खुणा अजून होत्या. काठावरच्या वावरांतली माती खरवडून गेलेली, कपाशीची बोंडं काळी पडलेली. त्यातल्या त्यात जे राहिलं ते बाया वेचत होत्या. मक्याची कणसं सडकेच्या कडेला वाळत घातलेली. तुरीला पिवळा फुलोरा आला होता आणि हिरवी तूर, काळं रान, मधेच ज्वारीचे पोपटी तास असं सगळं उन्हात झकास दिसत होतं. परगावचा माणूस असता तर फोटो काढला असता. आक्का म्हणाली, "वेचणीला बाया कमी लावल्यात. कापूस सांडायलाय."

भोकरदनला केळना नदीच्या काठाला लेणी आहेत, दगडात कोरलेली, आत देव. ती बघितली. पण भोकरदनचं खरं धन गावाच्या खाली आहे. जुनं नाव भोगवर्धन. १९७४ साली देव आणि गुप्ते ह्या अभ्यासकांचं इथल्या उत्खननावरचं पुस्तक निघालं. जुन्या वस्तीत मणी, खापरं, नाणी असं बरंच सापडलं. त्यात एक हस्तिदंताची बाईची मूर्ती आहे, मोडकी. इटलीमध्ये पाँपेई म्हणून शहर होतं, इसवी सन ७९ साली ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथं १९३८ साली भारतातली एक हस्तिदंती मूर्ती निघाली. भोकरदनची मूर्ती तिच्या फार जवळची आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की पाँपेईची ती बाई आमच्याच भागात घडली असावी. आमच्या सडकेवरून निघून समुद्र ओलांडून गेलेली बाई! मी हे सांगितल्यावर आक्का म्हणाली, "लई लांब देली म्हणायची."

आणखी एक गोष्ट सांगितली. मध्य प्रदेशात सांचीला मोठा स्तूप आहे. तो एकट्या राजानं बांधला नाही. लोकांनी दान दिलं, कुणी एक फरशी, कुणी एक खांब, आणि देणाऱ्यांची नावं त्या दगडावर कोरली. त्यात भोगवर्धनच्या माणसांचीही दानं आहेत. आणि सांचीला दान देणाऱ्यांत बायांची नावं भरपूर आहेत. अमक्या गावची अमकी, तिचं हे दान, एवढंच लिहिलेलं असतं. आक्का ह्यावर काही बोलली नाही. मला वाटलं, तिनं ऐकलं नसेल.

भोकरदनहून वाट वाकडी करून आम्ही असईला गेलो. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. हाच पुढं १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. केळना आणि जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजाराच्या वर माणसं गेली, शिंद्यांच्या तोफा शंभराच्या आसपास त्यांच्या हाती लागल्या. आमचे गोलंदाज तोफेजवळ उभे राहून मेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय.

त्या लढाईतली एक गोष्ट मला फार आवडते. वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणत होते, उतार नाही. त्यानं दुर्बिणीतून बघितलं तर नदीच्या एका काठाला पिंपळगाव आणि समोरच्या काठाला वरूड. त्यानं अंदाज बांधला की एवढ्या जवळ दोन गावं असतील तर मधे उतार असणारच. तसा तो होता, आणि तिथून फौज पार झाली. इंग्रज लोक ह्या अकलेचं आजपर्यंत कौतुक करतात. नदीच्या काठाला उभं राहून मी हे सांगितलं तर आक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"ह्याच्यात कसली आक्कल? समोरासमोर गावं म्हणल्यावर सोयरीक आसणारच. पोरगी देली म्हंजी तिला यायला-जायला उतार नको का?"

मला हसू आलं, पण विचार केला तर तिचंच खरं. तो उतार लढाईसाठी झालेला नव्हता. माहेर-सासरच्या येण्याजाण्यानं, दळणाच्या पाटीनं, सरपणाच्या मोळीनं तो झालेला होता. फौज एक दिवस पार झाली, त्याचं पुस्तक झालं. बाया रोज पार व्हायच्या. आणि त्या सप्टेंबरात बाजरी-ज्वारी उभी होती. त्या रानाचं नंतर काय झालं, कुणाच्या घरात वर्षभर दाणा नव्हता, ते कुठल्याही सेनापतीच्या पत्रात नसतं.

नदीवरून परत फिरून अन्व्याची सडक धरली. भाचा आता घाई विसरला होता. त्यानंच टपरीपुढं गाडी थांबवून चहा सांगितला. आक्कानं डबा उघडून टपरीवाल्याच्या पोरीलाही करंजी दिली.

अन्व्याला महादेवाचं जुनं मंदिर आहे, बाराव्या शतकातलं. लोक त्याला मढ म्हणतात. कळस राहिलेला नाही, पण मंडपाचे खांब बघावेत. दगड आहे का लाकूड, हात लावून बघावं लागतं. आक्काचं सासर जवळच, महाशिवरात्रीला ती पन्नास वर्षं येते. नमस्कार करून, प्रदक्षिणा घालून घरी. मी तिला बाहेरच्या भिंतीपाशी नेलं. तिथं विष्णूच्या मूर्ती आहेत, हातात शंख, चक्र, गदा, पण रूप बाईचं. विष्णूच्या शक्ती म्हणतात त्यांना. अशा मूर्ती सगळीकडं दिसत नाहीत. अभ्यासक लांबून त्या बघायला येतात.

आक्कानं चष्मा पुसला आणि एकेक मूर्ती जवळ जाऊन बघितली. बराच वेळ गेला. एका मूर्तीचा हात तुटलेला, तिथं तिनं बोट फिरवलं.

"बाया हायेत ह्या?"

"हो."

"आन मी एवढी सालं निसतं पाठमोरी फिरत ऱ्हायले."

सूर्य अजून वर होता. भाचा म्हणाला, "माय, लेणी बघितली का तू?" तिनं बघितली नव्हती. सासर जवळ, जगभरातून माणसं येतात, पण घरातली बाई कोणत्या कामानं जाणार लेण्याला? आता उशीर झाला होता आणि तिच्यानं पायऱ्या चढवल्या नसत्या. म्हणून अजिंठा गाव ओलांडून आम्ही लेणापूरच्या बाजूनं डोंगराच्या कडेवर गेलो. तिथून समोर खाली वाघोरा नदीचं वळण दिसतं, आणि घोड्याच्या नालासारख्या कड्यात एका ओळीनं लेण्यांची दारं. जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला फिरताना ही लेणी बघितली, तेव्हा ती जगाला माहीत झाली. त्या बाजूच्या गुराख्यांना ती आधीही माहीत असणार.

वारा होता. सीताफळाची झाडं पिवळी पडायला लागली होती. आक्का कठड्याला धरून उभी राहिली. तिला चित्रं दिसणार नव्हती, दारं तेवढी काळी काळी दिसत असतील. मी सांगितलं की आत मोठमोठे दिवाणखाने आहेत, खांब आहेत, आणि सगळं एकाच डोंगरात छिन्नी-हातोडीनं कोरलेलं. आपल्याकडचाच काळा दगड. बरीच वर्षं काम चाललं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आन एवढी खडी निघाली आसंल, ती कुठं टाकली रं?"

मी लेण्यांत पाच-सहा वेळा गेलोय. गाईडचं ऐकलं, पुस्तकं वाचली, सोबत शिकलेली माणसं होती. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो विचारायला माणसानं खडी फोडलेली असावी लागते. एवढे डोंगराएवढे दिवाणखाने पोखरले, तर तेवढाच दगड बाहेर आला. तो कुणी पाट्यांत भरला, कुणी डोक्यावर घेतला, खाली नदीत नेऊन टाकला का कुठं. कोरणाऱ्यांची थोरवी आपण गातो, ते बरोबरच आहे. पण प्रत्येक कोरणाऱ्यामागं पाटी वाहणारं कुणीतरी असतंच, आणि त्यातल्या निम्म्या तरी बाया असणार.

परतताना गाडीत अंधार झाला होता. आक्का आपणहून बोलायला लागली. सांचीचं तिनं ऐकलं होतं. म्हणाली, "त्या दगडावर बायांची नावं हायेत म्हणला ना तू. मग आमच्या ओळीतल्या बायांची लिही. मी सांगते." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. पहिली आई. मग दानापूरवाली. मग वरूडवाली, तिचा अंगठा चेंबला होता. मग राजूरवाली, जी गाणं म्हणायची. मग एक पोटुशी होती, तिच्या वाटणीचा ढीग बाकीच्या जणी मिळून पुरा करायच्या. बहुतेकींची खरी नावं तिला आठवली, काहींचं नुसतं माहेरचं गाव आठवलं. सांचीच्या दगडावरही गावाचंच नाव आधी येतं.

भाच्यानं गाडीतला दिवा लावला आणि हळू चालवायला लागला. माझ्या खिशात खताच्या दुकानाची छोटी डायरी होती, तिच्यात लिहून घेतलं. सासरच्या दारात गाडी पोचली तेव्हा एकवीस झाली होती. त्यातल्या आता चार हयात आहेत, आक्का धरून. मी डायरी मिटली तर ती म्हणाली, "मिटू नको. आजून दोघी राह्यल्यात. रातच्याला आठवतील. सकाळच्याला फोन करते."

सकाळी सहालाच फोन आला. त्यातली एक आठवली होती.